घशाच्या, खांद्याच्या आणि जिभेच्या नसांची ईएमजी: माझा अनुभव

हातापायांची ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंमधली वीज पाहणारी तपासणी, करून घेतलेली माणसं ओळखीपाळखीत सापडतात. ‘थोडे झटके बसतात, सुया टोचतात, होऊन जातं,’ असं ती सांगतात. मला मात्र घसा, स्वरयंत्र, खांदा आणि जीभ यांच्याकडे मेंदूतून थेट येणाऱ्या नसांची तपासणी लिहून दिली होती आणि ती करून घेतलेलं एकही माणूस मला भेटलं नाही. गळ्यात सुई जाणार, हनुवटीखालून जिभेत सुई जाणार, एवढंच कानावर आलं होतं. त्या अर्धवट माहितीची मला पुढे प्रत्यक्ष सुईपेक्षा जास्त भीती वाटली. आता पहिली तपासणी आणि नंतरची फेरतपासणी, दोन्ही होऊन गेल्या आहेत. कोणाच्या हातात तसाच कागद पडला असेल, तर आत काय करतात, कशासाठी करतात आणि आपल्याकडून काय हवं असतं, हे त्यांना आधी कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

फेब्रुवारीच्या शेवटी डाव्या कानामागे आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली दुखायला लागलं. ३ मार्चला सकाळी उठले तर आवाज गेलेला. सर्दीत बसतो तसा घोगरा नाही. शब्दांबरोबर नुसती हवा बाहेर येत होती, एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता. पाणी प्यायलं की ठसका. माझं काम दिवसभर फोनवर बोलण्याचं, त्यामुळे सगळं लक्ष आवाजाकडेच होतं. डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि जेवताना घास डाव्या गालात अडकून राहतो, या दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्यावर ध्यानात आल्या.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ७ मार्चला गेले. त्यांनी ‘आ’ म्हणायला लावलं तर पडजीभ उजवीकडे ओढली गेली. जीभ बाहेर काढायला सांगितली, ती डावीकडे वळली. खांदे उचलायला सांगितले, डावा मागे राहिला. मग नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. उजवा स्वरतंतू नीट हलत होता. डावा मधल्या रेषेपासून जरा दूर, जागच्या जागी थांबलेला.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांतली नववी ग्लॉसोफॅरिंजिअल, दहावी व्हेगस आणि अकरावी ॲक्सेसरी या तिघी कवटीच्या तळाच्या एकाच छिद्रातून बाहेर पडतात. जिभेकडे जाणारी बारावी, हायपोग्लॉसल, शेजारच्याच छोट्या बोगद्यातून येते. या चारही एकाच बाजूला एकदम कमकुवत झाल्या, म्हणजे बिघाड बहुधा त्या जिथे एकमेकींना खेटून आहेत तिथे. तिथे गाठ असू शकते, मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीला आतून चीर गेलेली असू शकते, नाहीतर नसांनाच सूज असते. म्हणून एमआरआय आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांचं चित्रण आधी, आणि तेही तातडीने झालं. हा क्रम मुद्दाम लिहिते आहे. मान दुखून एकाएकी आवाज गेला, गिळता येईनासं झालं, तर ईएमजीची तारीख घेऊन थांबून राहण्यासारखा तो प्रकार नाही. रोहिणीला चीर असेल तर त्यावरचे उपाय लगेच सुरू करावे लागतात.

माझ्या चित्रणात गाठ नव्हती, रोहिणी शाबूत होती. नसांची सूज, बहुधा विषाणूमुळे, असं ठरलं. औषधं सुरू झाली. त्यांची नावं देत नाही, ती ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरतात.

मग न्यूरोलॉजिस्टनी ईएमजीचं नाव काढलं, पण लगेच नको म्हणाल्या. मला ते सुरुवातीला पटेना. एवढी महत्त्वाची तपासणी असेल तर आजच का नाही? त्यांनी शांतपणे समजावलं आणि ते समजल्यावर पुढची वाट पाहणं मला जमलं. नस दुखावते तेव्हा दोन शक्यता असतात. एकीत आतले धागे जिवंत असतात, फक्त दुखावलेल्या जागी संदेश अडतो. अशी नस काही आठवड्यांत ते दोनेक महिन्यांत बहुतेक पूर्ववत होते. दुसरीत धागेच तुटतात, आणि मग ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढत यावे लागतात. ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसांच्या इजांची जी विभागणी मांडली, तिच्यात तिसरा प्रकारही आहे, नस पूर्ण तुटण्याचा. सुजेत सहसा तिथवर जात नाही. गोम अशी की धागा वर तुटला तरी खालचा तुकडा काही दिवस विजेच्या झटक्याला उत्तर देत राहतो. तो निकामी व्हायला आठवडाभर लागतो आणि स्नायूत त्याच्या खुणा सुईला दिसायला दोन-तीन आठवडे. म्हणजे पहिल्या आठवड्यात तपासलं असतं, तर नस मेलेली असूनही कागदावर ठीक दिसली असती. स्वरयंत्रासाठी साधारण तीन-चार आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत हा काळ सर्वांत उपयोगाचा धरतात. तुमची तारीख फार लवकरची असेल, तर ‘आत्ता करून काय कळेल?’ हे जरूर विचारा.

आता कागदांचं. पहिल्या चिठ्ठीवर नुसतं ‘ईएमजी–एनसीव्ही’ लिहिलं होतं (एनसीव्ही म्हणजे नसेला झटके देऊन संदेशाचा वेग पाहणं). त्यावरून काउंटरवर मला हातापायांच्या तपासणीची वेळ मिळाली. फोनवर बोलणं मला जमत नव्हतं म्हणून बहिणीने चौकशी केली, तेव्हा कळलं की तिथे स्वरयंत्राची ईएमजी होतच नाही. ती सगळीकडे होत नाही. सुईच्या आलेखाची जाण असलेला डॉक्टर आणि गळ्यात नेमक्या स्नायूपर्यंत सुई नेणारा घशाचा डॉक्टर, असे दोघे एका वेळी एका खोलीत लागतात. काही ठिकाणी एकच जण दोन्ही करतो, पण असे थोडे. न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी नव्याने लिहून घेतली. तिच्यात चार गोष्टी होत्या: बाजू डावी, त्रास ३ मार्चपासून, कोणते स्नायू तपासायचे, म्हणजे खांदा उचलणारा ट्रॅपिझिअस, मानेतला स्टर्नोक्लायडोमास्टॉइड, जीभ, स्वरयंत्राचे क्रिकोथायरॉइड आणि थायरोॲरिटेनॉइड, आणि कोणता प्रश्न सोडवायचा आहे, म्हणजे बिघाडाची पातळी कोणती आणि धागे जिवंत आहेत का. ही चिठ्ठी घेऊन गेल्यावर तारीख मिळायला अडचण आली नाही. २ एप्रिल.

खर्चाबाबत एवढंच सांगते की बिल एकरकमी नसतं. नसेला झटके देऊन करायचा भाग, सुईचा भाग, स्वरयंत्राचा भाग आणि दुसऱ्या डॉक्टरांची फी असे तुकडे पडतात. एकदाच वापरायच्या सुया बहुधा वेगळ्या लावतात. स्वरयंत्रासाठीची सुई इंजेक्शन देता येईल अशा पोकळ प्रकारची असेल तर ती आणखी महाग. सगळं मिळून किती, हे लेखी मागितलं. विम्याला पूर्वमंजुरी लागत होती आणि त्यांच्या अर्जात स्वरयंत्राच्या ईएमजीसाठी वेगळा रकाना नव्हता. न्यूरोलॉजिस्टचं छोटं पत्र, एमआरआयचा अहवाल आणि दुर्बिणीच्या तपासणीचा कागद जोडल्यावर मंजुरी आली. त्यात आठवडा गेला, पण ते तीन आठवडे थांबायचंच होतं त्यातच तो बसला.

त्या काळात स्पीच थेरपिस्टने पाणी गिळण्याची रीत शिकवली: लहान घोट आणि गिळताना मान कमकुवत बाजूला वळवायची. माझी कमकुवत बाजू डावी, म्हणून डावीकडे. त्या बाजूचा घसा मिटतो आणि घोट चांगल्या बाजूने खाली जातो. ठसके बरेच कमी झाले. हे स्वतःच्या मनाने न करता आधी गिळण्याची तपासणी करून मगच करावं. कोणाला कोणती रीत चालेल हे वेगवेगळं असतं.

तपासणीच्या आधी त्यांनी फोनवर काही गोष्टी विचारल्या: रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का, पेसमेकर आहे का, मानेच्या त्वचेवर जखम किंवा संसर्ग आहे का, श्वास घेताना आवाज येतो का. शेवटच्या प्रश्नाचं कारण असं की दोन्ही स्वरतंतू बंद अवस्थेत अडकले असतील तर श्वासमार्ग आधीच अरुंद असतो, आणि तिथे सुईमुळे थोडी सूज आली तरी धोका असतो. औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, फक्त सांगायची. त्या दिवशी मानेला, खांद्याला, चेहऱ्याला क्रीम किंवा तेल लावायचं नाही, कारण वीज टिपणाऱ्या चकत्या त्वचेला चिकटत नाहीत आणि आलेख बिघडतो. पुढून उघडणारा, सैल गळ्याचा सदरा घातला होता, त्याचा फार उपयोग झाला.

एक गोष्ट मात्र मला कोणी विचारली नाही, ती मी सांगितली: मी उताणी झोपले की लाळ घशात साठते आणि ठसका लागतो. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत. त्यांनी लाळ ओढून घेणारी नळी उशाशी आणून ठेवली आणि तपासणीचे तुकडे पाडले, मधे मधे मला बसतं केलं. गिळायला त्रास असलेल्या प्रत्येकाने हे आडवं होण्याआधी सांगावं.

दुसरं, आवाज नसल्यामुळे ‘थांबा’ म्हणणं मला शक्य नव्हतं. म्हणून खुणा ठरवल्या. एक बोट म्हणजे गिळायचं आहे, पूर्ण पंजा म्हणजे सुई काढा. या खुणा ठरल्या आणि माझी अर्धी भीती तिथेच गेली.

सुरुवात अकराव्या नसेपासून झाली. टेक्निशियनने खांद्याच्या वरच्या भागात, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध एक चकती लावली, दुसरी खांद्याच्या हाडावर. मग मानेच्या बाजूला, त्या लांब स्नायूच्या मागच्या काठावर दोन टोकांचं उपकरण टेकवलं. ‘ताई, खांदा सैल सोडा, तो आपोआप उडेल.’ आणि खरंच उडाला. झटका एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा असतो. तो हळूहळू वाढवत नेतात, आलेखाची उंची आणखी वाढेनाशी होईपर्यंत. शेवटचे दोन-तीन जोरात बसले. टचकन, खोलवर, पण तिथेच संपणारे. आधी उजवी बाजू केली, मग डावी. चांगली बाजू आधी केल्याने नेमकं काय वाटतं ते कळतं, आणि तुलनेसाठी तीच मोजपट्टी असते, कारण या नसांमध्ये दोन माणसांच्या आकड्यांपेक्षा एकाच माणसाच्या दोन बाजू ताडून पाहणं जास्त विश्वासाचं.

इथे मला एक प्रश्न पडला आणि पाटीवर लिहून विचारला. बिघाड तर कवटीच्या तळाशी आहे, तुम्ही झटका त्याच्या खाली मानेत देता, मग बिघाड कसा कळणार? डॉक्टरांना प्रश्न आवडला असावा, कारण ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, म्हणूनच तर देतो. खांदा कमजोर आहे हे आपल्याला दिसतंच आहे. बिघाडाच्या खाली झटका दिल्यावर स्नायूने पूर्ण उत्तर दिलं, तर धागे जिवंत आहेत आणि फक्त वर अडथळा आहे. उत्तर तोकडं आलं, तर जेवढं तोकडं तेवढे धागे गेले. माझ्या उजव्या बाजूला उत्तर २.१ मिलिसेकंदांत आलं, उंची ९.८ मिलिव्होल्ट. डाव्या बाजूला २.५ मिलिसेकंद आणि ३.४ मिलिव्होल्ट. म्हणजे वेग फारसा घटला नव्हता, पण उंची तिसऱ्या भागाच्या आसपास. निम्म्याहून जास्त फरक असला तर तो खरा धरतात.

त्याच जागी सेकंदाला तीन या गतीने एका मागोमाग झटक्यांची माळ दिली. नस आणि स्नायू यांच्या सांध्याचा आजार, मायस्थेनिया, यातही आवाज आणि गिळणं बिघडतं. त्यात पहिल्या झटक्यापेक्षा चौथ्या-पाचव्याचं उत्तर दहा टक्क्यांहून जास्त घटतं. माझं घटलं नाही.

मग सुया. ईएमजीची सुई म्हणजे पोकळ सुईच्या आत वेगळी केलेली बारीक तार. १९२९ साली एड्रियन आणि ब्राँक यांनी तिची कल्पना मांडली आणि आजही मूळ रचना तीच आहे. तिच्यातून काही सोडत नाहीत, झटका देत नाहीत. ती फक्त स्नायूतली वीज ऐकते. हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, कारण मी सुई आणि झटका दोन्ही एकदम बसणार असं धरून चालले होते. यंत्राला स्पीकर असतो आणि डॉक्टर पडद्याइतकंच कानानेही पाहतात. स्नायू स्वस्थ असताना निरोगी स्नायू गप्प असतो. डाव्या ट्रॅपिझिअसमध्ये तो गप्प नव्हता. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी एका लयीत टपटप चालू होती. नसेपासून तुटलेले स्नायूतंतू आपले आपण असे फडफडतात. मग खांदा उचलायला सांगितला आणि त्या टपटपीवर थोडे, ठळक आवाज उमटले. थोडे, पण होते. मानेच्या स्नायूसाठी डोकं उजवीकडे वळवून डॉक्टरांच्या हातावर दाबायचं होतं. डाव्या बाजूचा हा स्नायू डोकं उजवीकडे वळवतो.

जिभेसाठी आधी वरून चकत्या लावून पाहिलं. जीभ कापसाने कोरडी करून तिच्यावर चकत्या बसवल्या आणि जबड्याखाली झटका दिला. निरोगी माणसात उत्तर साधारण दोन मिलिसेकंदांत येतं. माझी लाळ इतकी साठत होती की चकत्या सरकत राहिल्या आणि आलेख दोनदा सारखा येईना. डॉक्टरांनी तो भाग सोडून दिला. बिनभरवशाचा आकडा अहवालात घालण्यापेक्षा नसलेला बरा, हे त्यांचं म्हणणं मला मोलाचं वाटलं.

सुई हनुवटीखालून, मधल्या रेषेच्या किंचित बाजूला, वर जिभेच्या मुळाकडच्या स्नायूत गेली. तोंडातूनही घालतात, पण खालून घातली की जीभ तोंडात निवांत पडू शकते. त्वचेपाशी टोचलं, आत बोथट दाब जाणवला. अवघड होतं ते दुखणं नाही, जीभ सैल सोडणं. जीभ कधीच पूर्ण स्वस्थ बसत नाही. श्वास आत घेताना तिचा हा स्नायू थोडा आवळतोच. डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती: तोंड किंचित उघडं, जीभ खालच्या दातांमागे नुसती पडू द्यायची, श्वास नाकाने आणि लक्ष फक्त श्वास सोडण्याकडे. श्वास सोडताना जो क्षण शांत मिळतो तोच ते पाहतात. आवळायचं तेव्हा जीभ समोरच्या दातांवर रेटायची.

मधे पाणी नाही, फक्त बसून लाळ थुंकली. गळ्याचा भाग सगळ्यांत शेवटी ठेवला होता आणि त्यासाठी घशाचे डॉक्टर आले.

खांद्यांखाली उशी देऊन मान मागे केली. डॉक्टरांनी बोटाने गळ्यातलं वरचं कूर्चेचं टोक, खालची कडी आणि दोन्हींमधली खोबण चाचपली. त्वचा बधिर करण्यासाठी अगदी थोडं औषध दिलं, वरच्यावर; आत झिरपलं तर ज्या स्नायूला ऐकायचं आहे तोच बधिर होईल. काही जण हेही देत नाहीत, कारण ते टोचणं आणि सुईचं टोचणं सारखंच. पहिला स्नायू क्रिकोथायरॉइड, स्वर उंच चढवणारा. खालच्या स्वरापासून ‘ई’ हळूहळू वर न्यायची. माझा आवाज चढत नव्हता, पण चढवायचा प्रयत्न तेवढा पुरेसा असतो. मग डोकं उशीपासून जरा उचलायला सांगितलं. तेव्हा आवाज वाढला नाही, म्हणजे सुई वरच्या पट्टीसारख्या स्नायूंत नसून योग्य जागी आहे याची खात्री झाली.

दुसरा थायरोॲरिटेनॉइड, म्हणजे खुद्द स्वरतंतूतला स्नायू. सुई त्या खोबणीतून आत, वर आणि डावीकडे जाते. या दोन मिनिटांत गिळायचं नसतं. घशात खवखव होते, खोकल्याची उबळ येते. सुईचं टोक श्वासमार्गात डोकावलं तर खोकला येतोच. मला एकदा आला, त्यांनी सुई चटकन मागे घेतली आणि मला सावरू दिलं. दुखणं म्हणाल तर हाताच्या शिरेतून रक्त काढताना होतं त्याहून थोडं जास्त. न गिळणं त्याहून कठीण. मी आदल्या दिवशी घरी आडवं होऊन, मान मागे करून, न गिळता हळू नाकाने श्वास घेण्याचा सराव केला होता, तो कामी आला.

मग ‘ई’ म्हणायला सांगितलं. माझ्या तोंडून नेहमीसारखी हवाच बाहेर आली. आणि स्पीकर तडतडला. फार नाही, विरळ, पण मी ‘ई’ म्हणाले की तडतड सुरू आणि थांबले की बंद. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. दुर्बिणीत जो स्वरतंतू हलत नव्हता त्याच्या स्नायूपर्यंत माझं सांगणं थोडंफार पोचत होतं. बहीण दारापाशी उभी होती, तिलाही ऐकू आलं. मला रडू फुटलं. डॉक्टरांनी सुई काढून घेतली, नळीने लाळ ओढून घेतली आणि कोणी काही घाई केली नाही.

नवव्या नसेचं काय, असं मी पाटीवर विचारलं. तिचं स्नायूचं काम घशात खोल असलेल्या एका लहान स्नायूपुरतं, त्यामुळे रोजच्या वापरात भरवशाची विजेची तपासणी तिच्यासाठी नाही. घशाची संवेदना, ओकारीची प्रतिक्रिया आणि शेजारणींचे निकाल यांवरून तिचा अंदाज बांधतात.

सगळं मिळून दीड तासाच्या आसपास लागलं. नंतर तासभर बसवून ठेवलं, श्वास आणि गळ्यावरची सूज पाहिली. घरी जाताना सांगितलेलं: थुंकीत रक्ताचा धागा दिसला तर चालेल; गळा फुगला किंवा श्वास लागला तर थेट तातडीच्या विभागात. दुसऱ्या दिवशी गळा दुखत होता आणि हनुवटीखाली छोटा निळसर डाग होता, बाकी काही नाही.

अहवाल ८ एप्रिलला मिळाला. त्यात आजाराचं नाव नव्हतं आणि ते नसतंच. ही तपासणी सूज विषाणूची की आणखी कशाची हे सांगत नाही. ती तीन गोष्टी सांगते: बिघाड कुठे, किती आणि भरून येण्याची खूण आहे का. पातळीबाबतचा तर्क मला फार सुरेख वाटला. स्वरतंतूंच्या बहुतेक स्नायूंकडे जाणारी शाखा खाली छातीच्या वरपर्यंत जाऊन वळसा घालून परत येते, डावीकडची तर महारोहिणीच्या कमानीखालून. क्रिकोथायरॉइडची शाखा मात्र व्हेगसपासून वरच, कवटीच्या तळाजवळ फुटते. फक्त वळशाची शाखा बिघडली असती तर क्रिकोथायरॉइड चांगला निघाला असता. माझे दोन्ही कमकुवत निघाले, म्हणजे बिघाड त्या फाट्याच्या वर. एमआरआयला जी जागा संशयास्पद वाटली होती तीच.

‘तुटलेल्या धाग्यांच्या खुणा आहेत, पण चारही तपासलेल्या भागांत इच्छेने स्नायू आवळल्याचे संकेत शिल्लक आहेत,’ असा अहवालाचा सारांश. आनंद झाला, पण न्यूरोलॉजिस्टनी तो तोलून दिला. स्वरयंत्राच्या ईएमजीत वाईट अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो, चांगला अंदाज तेवढा नाही. नवे धागे चुकीच्या स्नायूला जाऊन जुळले, तर वीज दिसते पण स्वरतंतू नीट हलत नाही. म्हणून कायमची शस्त्रक्रिया आत्ता ठरवायची नाही, साधारण वर्ष वाट पाहायची, आणि तोवर ठसके आणि आवाज यांसाठी तात्पुरता उपाय. डाव्या स्वरतंतूत काही महिन्यांत विरघळणारं भरण घातलं २४ एप्रिलला. तो मधल्या रेषेकडे सरकला, उजवा त्याला येऊन भिडू लागला. पाणी पिणं सुधारलं, फोनवर निदान छोटी वाक्यं ऐकू जायला लागली. खांद्यासाठी फिजिओथेरपी सुरू केली, कारण लटकलेला खांदा आखडला तर नस परत येऊनही हात वर जात नाही.

फेरतपासणी १९ ऑगस्टला झाली, त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडे. हे मी आग्रहाने केलं. सुईचा आलेख वाचणारा तोच असेल तर आधीच्याशी तुलना जास्त खरी होते. पहिल्या वेळचे आलेख, नुसता सारांश नव्हे, मागून घेतले होते ते बरोबर नेले. या वेळी ट्रॅपिझिअसचं डावं उत्तर ६.२ मिलिव्होल्टपर्यंत आलं होतं. टपटप विरळ झाली होती आणि तिच्या जागी दातेरी, लांबट लहरी दिसत होत्या. नवे धागे स्नायूला जुळू लागले की अशा लहरी येतात. जिभेतही तसंच. स्वरयंत्राचा थायरोॲरिटेनॉइड या दोघांच्या मागे आहे. धाग्यांना तिथवर यायला अंतर सर्वांत जास्त, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. ‘ई’ म्हटल्यावर तडतड एप्रिलपेक्षा दाट होती. पण जोरात नाकाने हुंगायला सांगितलं तेव्हाही ती थोडी आली, खरं तर तेव्हा हा स्नायू शांत हवा. थोडे धागे चुकीच्या जागी जुळले असावेत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या वेळी भीती कमी होती, पण न गिळणं तितकंच कठीण गेलं. पुढची दुर्बिणीची तपासणी डिसेंबरात आहे. भरण तोवर विरघळलेलं असेल आणि स्वरतंतू स्वतःच्या बळावर किती सरकतो हे तेव्हा दिसेल. त्यावरून पुन्हा भरण की कायमची शस्त्रक्रिया हे मार्चच्या आसपास ठरेल. तोवर विम्याच्या पूर्वमंजुरीचा अर्ज नव्याने भरायचा आहे, कारण आधीची मंजुरी एकाच तपासणीपुरती होती.